दुपारी थांबायचं की तिकीट वसूल करायचं?



गेल्या रविवारी मुलांची पाठशाळा सुटल्यावर आम्ही सात-आठ जणी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. विषय होता मे महिन्याच्या सुट्टीतल्या सहलीचा. यंदा मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला न्यायचं ठरलंय. एक बस, ३५-४० माणसं, त्यात पाच वर्षांखालची ९ मुलं. पुण्याहून निघायची वेळ ठरली, वर्गणी ठरली, दशम्या कोण करणार आणि शेंगदाण्याची चटणी कोण आणणार तेही ठरलं. मग मी म्हटलं, "दुपारी दीड ते साडेतीन हा वेळ लहान मुलांच्या विश्रांतीला ठेवू या." आणि जो काय गलका झाला म्हणता!

"अहो वहिनी, झोपायला घर आहे की!" "एवढे पैसे भरायचे आणि सावलीत बसायचं?" "मुलं कुठं झोपतात तिथं? ती तर उड्या मारत असतात." "आमच्या लहानपणी कोण झोपवत होतं सहलीत?" सगळ्यांची मतं ऐकून मी गप्प बसले. पण चपला घालताना एक जण हळूच जवळ आली. तिची मुलगी अडीच वर्षांची आहे. म्हणाली, "वहिनी, तुमचं पटलं मला. पण सगळ्यांसमोर कसं बोलायचं? म्हणतील, हिची एकटीचीच मुलगी नाजूक."

आजचा लेख तिच्यासाठी आहे. आणि ओट्यावर माझ्याशी भांडलेल्या बाकीच्यांसाठीही आहे, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा अगदी तेच बोलत होते.

तेव्हा आमचा धाकटा चार वर्षांचा होता आणि थोरली आठ वर्षांची. मे महिनाच होता. आम्ही चौघंच गेलो होतो, तेही इमॅजिकालाच. तिकिटांचे पैसे आमच्या महिन्याच्या किराण्याइतके झाले होते, त्यामुळे गेटमधून आत शिरतानाच मी मनात हिशोब मांडला होता, की इतक्या राइड झाल्या तर पैसे वसूल. हातात नकाशा, खांद्याला पिशवी आणि तोंडाने सारखं "चला, चला". मुलं पहाटे साडेपाचला उठलेली. घाट उतरताना धाकट्याला गाडी लागली होती, म्हणून त्याने काही खाल्लंही नव्हतं. घरी तो रोज दीड वाजता जेवून झोपायचा. त्या दिवशी दीड वाजता आम्ही रांगेत होतो, अडीच वाजता दुसऱ्या रांगेत आणि साडेतीनला तिसऱ्या.

तिसऱ्या रांगेत तो खाली बसला. मग आडवा झाला. पुढची माणसं सरकली तरी उठेना. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी हाताला धरून उठवलं तर त्याने किंचाळून माझा हात झिडकारला, आणि मी त्याला मारलं. हलकं नाही, चांगलं जोरात, गालावर. थोरली माझ्याकडे बघतच राहिली. यांनी काही न बोलता त्याला उचलून घेतलं आणि आम्ही रांगेतून बाहेर आलो. यात पार्कचा काडीचाही दोष नव्हता. दोष माझ्या हिशोबाचा होता.

पुढची गोष्ट ऐका. संध्याकाळी तिथे परेड निघते, नाचणारी माणसं, सजवलेल्या गाड्या, गाणी. धाकटा आठवडाभर तिचीच वाट बघत होता. पण सहा वाजताच तो यांच्या खांद्यावर जो झोपला तो घरी अंथरुणावर टाकेपर्यंत उठला नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच त्याने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, "काय काय पाहिलंस रे बाळा?" तो म्हणाला, "आईनं मारलं."

किती राइड झाल्या होत्या ते मला आज आठवत नाही. हे तीन शब्द आठवतात.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी आपण सगळे एकमेकांची क्षमा मागतो तशी मी घरातही मागत होते. सासूबाईंची झाली, यांची झाली. धाकट्यापुढे बसून हात जोडले आणि म्हटलं, "बाळा, माझ्याकडून काही चुकलं असेल तर मला क्षमा कर." त्याने विचारलं, "ते रांगेतलं का?" मधे चार महिने गेले होते. शास्त्रसभेत उत्तम क्षमेवर बसून ऐकलं होतं, पण क्रोध म्हणजे काय ते मला त्या प्रश्नाने शिकवलं.

आता तुम्ही म्हणाल, हा तुमच्या रागाचा प्रश्न झाला, विश्रांतीचा इथे काय संबंध? संबंध आहे. माझा स्वभाव घरी इतका तापट नाही, आणि तोही घरी असा लोळत नाही. आम्ही दोघंही दमलो होतो. मी मोठी असून मला सहन झालं नाही, आणि त्याने मात्र शहाण्यासारखं वागावं अशी माझी अपेक्षा होती.

याचं थोडं शास्त्र सांगते. एक-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. बहुतेक मुलांची दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते, म्हणजे आपल्या ९ मुलांपैकी बऱ्याच जणांची अजून सुटलेली नसणार. सहलीच्या दिवशी मूल पहाटे उठतं, तेव्हा रात्रीची झोप आधीच एक-दीड तास कमी झालेली असते. वरून दुपारचीही गेली, तर तिसऱ्या प्रहरी ते मूल आपलं राहत नाही.

"पण ती तर उड्या मारत असतात" या म्हणण्याचं उत्तर असं, की फार दमलेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही. ते उलट जास्त पळतं, विनाकारण हसतं, ढकलाढकली करतं, डोळे चोळतं, आणि मग एखाद्या आइस्क्रीमच्या काडीवरून अर्धा तास रडतं. त्या उड्या म्हणजे उत्साह असं आपण समजतो. बऱ्याचदा त्या दमल्याच्या खुणा असतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळी १० ते दुपारी ४ हा उन्हाचा सगळ्यात कडक वेळ. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, कारण वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त आणि घाम कमी. खेळाच्या नादात ते पाणीही मागत नाही. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. उघड्या मैदानावर कार्यक्रमासाठी तासन्‌तास उन्हात बसलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. ती सगळी मोठी माणसं होती, आणि खारघर खोपोलीपासून काही लांब नाही. मला कोणाला घाबरवायचं नाही. पण "एक दिवस ऊन लागलं तर काय होतंय" असं कोणी म्हटलं की मला ती बातमी आठवते.

आता पैशांकडे वळू या, कारण खरं भांडण तिथेच आहे. मी तुमच्याच हिशोबाने बोलते. चार वर्षांच्या मुलासाठी अशा पार्कात किती राइड असतात? मोठ्या पाळण्यांना आणि रोलरकोस्टरला उंचीची अट असते, तिथे त्याला बसवतच नाहीत. उरतात घोड्यांचं चक्र, छोटे पाळणे, एखादी आगगाडी, अंधाऱ्या सभागृहातले खेळ. ही यादी पुरी व्हायला चार तास पुरतात. सकाळी गेट उघडल्यावरचा पहिला दीड-दोन तास रांगा आखूड असतात. दुपारी सगळ्या बस येऊन पोचलेल्या असतात, तेव्हा एका राइडला जेवढं उभं राहावं लागतं तेवढ्या वेळात सकाळी तीन होतात. म्हणजे दुपारचे दोन तास सोडले तर लहान मुलाच्या एक-दोन राइड जातात. बदल्यात संध्याकाळचे तीन तास मिळतात, ऊन उतरलेलं, दिवे लागलेले, मूल ताजंतवानं. व्यापाऱ्यांच्या घरातल्या आपण बायका. हा सौदा कोणता चांगला ते मी सांगायला हवं का?

मला हे कोणी समजावून सांगितलं नाही. ते सासूबाईंच्या माळेमुळे उमगलं. क्षमावणीनंतर त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी सासूबाईंना घेऊन. दुपारचा जाप त्या कुठेही असल्या तरी चुकवत नाहीत. बारा वाजून गेले तसं त्यांनी मला म्हटलं, "तुम्ही जावा फिरायला, मी इथं सावलीत बसते." गर्दीपासून बाजूला एक झाड होतं, तिथे त्यांनी आपली चटई पसरली, माळ काढली आणि डोळे मिटले. धाकटा आधी त्यांच्याभोवती फिरला, मग मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि त्या १०८ मणी संपवायच्या आत तो झोपला होता. मीही झाडाला टेकले. हे थोरलीला घेऊन तिच्या मोठ्या राइडला गेले. तिला त्या दिवशी पहिल्यांदाच "तुझा भाऊ लहान आहे, तुला बसता येणार नाही" हे ऐकावं लागलं नाही.

सव्वा तासाने तो उठला, पाणी प्यायला, दशमी खाल्ली आणि म्हणाला, "आता कुठं जायचं?" त्या संध्याकाळी त्याने परेड बघितली, पहिल्या रांगेत, आजीचा हात धरून.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट जाणवली. नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला होतो. आम्ही पाच वाजताच सगळं थांबवून जेवायला बसलो, परेडच्या आधी. तेव्हा यांनी किंवा कोणीही "जेवणात वेळ गेला, पैसे वाया गेले" असं म्हटलं नाही. बाहेर कुठेही गेलो तरी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आपण रांग सोडतो, कार्यक्रमातून उठतो, लग्नात पंगतीची वाट बघत नाही. आपल्याला थांबता येतं. वेळेसाठी थांबायची सवय तर आपल्या रक्तात आहे. मग संध्याकाळी आपल्या नियमासाठी थांबणाऱ्या आपण, दुपारी लेकराच्या झोपेसाठी थांबायला का कचरतो?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण विश्रांती म्हणजे दरवेळी पार्कातून बाहेर पडणं असं मला म्हणायचं नाही. ती चूकही मी करून झाले आहे.

दोन वर्षांनी आम्ही माझ्या धाकट्या दिरांकडे अमेरिकेला गेलो होतो. ते अटलांटाला असतात. तिथून जुलैत सगळे मिळून फ्लोरिडात ओरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला गेलो. १९७१ साली सुरू झालेलं ते ठिकाण म्हणजे एक पार्क नाही, चार वेगवेगळी मोठी पार्कं आणि भोवती हॉटेलंच हॉटेलं. तिकडे लहान मुलं असलेली कितीतरी कुटुंबं दुपारी सरळ हॉटेलवर परततात, मुलं पोहतात, झोपतात, आणि पाचला पुन्हा येतात. पार्क रात्री उशिरापर्यंत चालू असतं, तिकीट चार दिवसांचं असतं, त्यामुळे त्यांना ते परवडतं. जाऊबाईंची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी लगेच म्हटलं, "बघा, मी म्हणत होते ना! आपणही दुपारी परत येऊ."

पण आम्ही उतरलो होतो बाहेरच्या स्वस्त हॉटेलात. तिथल्या मॅजिक किंगडम पार्कचं मोठं वाहनतळ तळ्याच्या अलीकडे आहे. पार्कातून निघायचं, मोनोरेलने किंवा बोटीने तळं ओलांडायचं, मग गाडी शोधायची, मग हॉटेल. येताना पुन्हा तेच उलटं. जाण्यायेण्यात दोन तासांच्या वर गेले. पोर गाडीत पंधरा मिनिटं झोपली, हॉटेलवर पोचल्यावर उठली, आणि नवी खोली बघून पलंगावर नाचायला लागली. झोप झालीच नाही. पाच वाजता परत निघायचं म्हटलं तर मोठ्यांपैकी कोणाच्याही अंगात त्राण नव्हतं. जाऊबाई मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. मी त्यांची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी आम्ही बाहेर पडलोच नाही. जुलैत तिथे दुपारी बऱ्याचदा ढग गडगडून पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड बंद करतात. तो वेळ आम्ही विश्रांतीचा धरला. तिथे एक जुनं सभागृह आहे, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचं. आत गारवा, अंधार, आणि बसल्या जागी वीस-एक मिनिटांचा खेळ. पोर खेळ सुरू होऊन पाच मिनिटांत झोपली. तिथल्या प्रत्येक पार्कात तान्ह्या मुलांना पाजायला आणि कपडे बदलायला वेगळी शांत जागा असते. खेळ संपल्यावर तिथे तिला नेलं. जाऊबाई तिच्यापाशी बसल्या आणि आम्ही मोठ्या मुलांना घेऊन फिरलो. तिथे एक चांगली सोय बघितली. लहान मुलाजवळ एक पालक थांबतो, दुसरा मोठ्यांबरोबर राइड करून येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग पुन्हा न लावता सोडतात. आपल्याकडच्या पार्कात अशी सोय आहे का हे विचारायला काय हरकत आहे?

तर माझं मत आता असं झालं आहे. पाच वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर दुपारी थांबायचंच. त्यावर चर्चा नको. चर्चा फक्त कुठे थांबायचं याची. अंथरूण पार्कपासून वीस मिनिटांच्या आत असेल, पुन्हा आत सोडत असतील आणि पार्क रात्रीपर्यंत उघडं असेल, तर खुशाल बाहेर पडा. इमॅजिकाच्या शेजारीच हॉटेल आहे, तिथे मुक्काम करणाऱ्यांना हे जमेल. आपल्यासारख्या बसने सकाळी येऊन रात्री परतणाऱ्यांनी आतच थांबायचं. आणि तिसराही मार्ग आहे, जो कोणी बोलून दाखवत नाही. मूल अगदी लहान असेल तर तीन वाजता सरळ घरी निघा. त्याच्या वाट्याचं सगळं तोवर बघून झालेलं असतं. "एका दिवसात सगळं" हा हट्ट आपला असतो, त्यांचा नसतो.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना झोपवायला जाऊ नका. त्यांना तेवढा वेळ गारव्यात बसणं आणि पोटभर जेवण पुरतं. त्यांच्यावर झोप लादली तर तेही भांडणच होतं. आमच्या थोरलीने मला तसं स्पष्ट सांगितलेलं आहे.

आता आपल्या सहलीसाठी काही गोष्टी, माझ्या अनुभवातून.

विश्रांतीची वेळ घड्याळावर नको, मुलाच्या घरच्या झोपेवर ठरवा. मूल रडायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो. त्याच्या आधी अर्धा तास थांबा. आधी जेवण, मग झोप.

जागा सकाळी आत शिरल्यावरच हेरून ठेवा. सावली, शक्य असेल तर पंखा किंवा एसी, आणि मोठ्या आवाजाच्या कर्ण्यापासून लांब. झोपताना घरची एखादी ओळखीची वस्तू जवळ असली की परक्या जागी डोळा लवकर लागतो. आमच्या धाकट्याला माझी जुनी सुती साडी लागायची.

मूल झोपलं म्हणून त्याला बंद गाडीत किंवा बंद बसमध्ये एकटं ठेवू नका, "दहाच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढतं. बाबागाडीवर ओढणी टाकून ती चारी बाजूंनी झाकायची सवयही सोडा. सावली वाटते, पण आतली हवा कोंडून तापते.

पाणी मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाने दोन घोट द्या. आपण घरून गाळून उकळलेलं पाणी नेतोच, ते माणशी नेहमीच्या दुप्पट घ्या. मुलाला बराच वेळ शू झाली नसेल, उलटी होत असेल, अंग तापून ते मलूल पडलं असेल तर हा दमल्याचा प्रकार समजू नका. लगेच सावलीत न्या, ओल्या कपड्याने अंग पुसा आणि तिथल्या प्रथमोपचार केंद्राला कळवा.

डब्याचं तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नसतील तर जेवायला बसपाशी यावं लागेल. तेव्हा हातावर शिक्का मारून पुन्हा आत सोडतात का, हेही विचारायला हवं. मेमध्ये सूर्यास्त सातच्या आसपास असतो, म्हणून संध्याकाळचं जेवण सहाला धरलं तर दुपारचं जेवण आणि झोप दीड ते साडेतीनमध्ये नीट बसते. म्हणूनच मी ती वेळ सांगितली होती, मनाला येईल ती नाही.

आणि शेवटचं, आळीपाळी. ९ लहान मुलांजवळ तीन बायका पुरतात. तासाभराने दुसऱ्या तिघी. सगळ्या नेहमी बायकाच कशाला? पुरुषमंडळीही येणार आहेत ना बसमध्ये? त्यांनाही झाडाखाली बसता येतं. पहिल्या पाळीला मी बसते, आणि आमच्या यांनाही बसवते.

एका मैत्रिणीचं म्हणणं होतं, आमच्या लहानपणी कोण झोपवत होतं? खरं आहे. मी सातवीत असताना सांगलीहून शाळेच्या सहलीबरोबर एस्सेलवर्ल्डला गेले होते. तिथे बोटीने जावं लागायचं. दिवसभर नाचलो, कोणी विश्रांती दिली नाही, आणि काही बिघडलं नाही. पण तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझा चार वर्षांचा भाऊ त्या दिवशी घरी आईजवळ झोपलेला होता. त्या वयाच्या मुलांना तेव्हा असल्या सहलीला कोणी नेतच नव्हतं. आज आपण नेतो, हौसेने नेतो, नेऊ या. फक्त त्यांच्या वयाची झोपही बरोबर घेऊन जाऊ या.

परवा धाकट्याला सहलीचं सांगितलं. आता तो मोठ्यांच्या राइडमध्ये बसण्याइतका उंच झाला आहे, दुपारी झोपायची त्याला गरज नाही. तो म्हणाला, "आई, लहान मुलांजवळ मी पण थोडा वेळ बसेन. ती रांगेत रडतात." मी त्याला काही उत्तर दिलं नाही. ताटात दशमी वाढली.

पुढच्या रविवारी पाठशाळेनंतर ओट्यावर पुन्हा बसू. ज्यांना अजून पटलेलं नाही त्यांनी जरूर भांडायला या. आणि ती अडीच वर्षांच्या मुलीची आई, तू माझ्या शेजारी बस.

जय जिनेंद्र.